कच्च्या ताटाचे पहिले महिने

विस्तवावर न चढवता खाल्ले जाणारे अन्न म्हणजे कच्चा आहार. फळे, काकडी-गाजरासारख्या भाज्या, पालेभाज्यांची कोवळी पाने, भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेली कडधान्ये, ओले खोबरे, खजूर, तीळ आणि मध एवढे त्यात येते. दूध-ताक चालते की नाही, यावर मंडळींचे एकमत नाही. काटेकोर लोक अन्न साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या पुढे तापू देत नाहीत. ही मर्यादा थंड मुलखात ठरलेली. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत वैशाखात पत्र्यावर वाळत घातलेले सांडगे ती केव्हाच ओलांडून जातात. त्यामुळे इकडे व्याख्येचा काथ्याकूट फारसा होत नाही. चुलीवर किंवा गॅसवर चढले नाही ते कच्चे, एवढ्यावर काम भागते.

या दोन तालुक्यांत माणूस कच्च्या आहाराकडे वळतो तो बहुतेक वेळा दुखण्यापायी. रक्तातली साखर वाढलेली असते, वजन उतरत नसते, पित्त उसळत असते किंवा गुडघे बोलायला लागलेले असतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने हा मुलूख उसाचा केला, दुचाकीने बांधावरची चाल कमी केली, आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यात साखरेच्या गोळ्या घेणारी माणसे वाडी-वस्तीवरही सापडू लागली. डॉक्टर ‘खाण्यावर ताबा ठेवा’ म्हणतात. ताबा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे हे शोधताना कुणाच्या तरी मोबाइलवर ‘तीन महिन्यांत गोळ्या बंद’ असे छातीठोकपणे सांगणारा व्हिडिओ सापडतो. दुसरी वाट याहून जुनी आणि जास्त भरवशाची. ती उरुळी कांचनहून येते.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने इंदापूरकडे निघाले की वाटेत उरुळी कांचन लागते. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी तिथे काही दिवस राहिले, खेड्यातल्या रोग्यांना त्यांनी तपासले आणि त्यातून निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाई यांनी तो वाढवला. १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्थाही त्यांनी तिथेच सुरू केली आणि १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बारामती, दौंड, इंदापूरकडच्या लोकांना ‘उरुळीला जाऊन येणे’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मातीचे लेप, एनिमा, कटिस्नान, फळांचा रस आणि पोटाला विश्रांती. मात्र तिथून परतलेल्याची एक गफलत ठरलेली असते. चार दिवस रसावर आणि फळांवर काढल्याने अंग हलके झालेले असते, आणि तो हलकेपणा टिकवायचा म्हणून तो उपचाराचे खाणेच रोजचे खाणे करायला जातो. उपचार मोजक्या दिवसांचा होता, देखरेखीखाली होता, आणि त्या काळात ना ऊस तोडायचा होता ना मोटार चालू करायला जायचे होते, हे त्याच्या लक्षात राहत नाही.

खुद्द गांधीजींना कच्च्या आहाराची वाट दोनदा सोडावी लागली होती. १८९३ मध्ये प्रिटोरियात त्यांनी भिजवलेले गहू, वाटाणे, तांदूळ अशा न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. तो दोन आठवडेही टिकला नाही. त्याची हकिकत त्यांनी १८९४ साली लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’ या पत्रात छापली. दुसरा प्रयोग १९२९ च्या उन्हाळ्यातला. ‘यंग इंडिया’त त्यांनी आपले रोजचे माप दिले आहे: मोड आलेले गहू ८ तोळे, वाटलेले बदाम ८ तोळे, वाटलेला हिरवा पाला ८ तोळे, ६ लिंबे आणि २ औंस मध. ऑगस्टमध्ये आमांशाने गाठल्यावर ते पुन्हा शेळीच्या दुधावर आले. या मापाचा आजच्या कोष्टकांनी हिशेब केला तर ते दिवसाला हजार-अकराशे कॅलरींच्या आसपास भरते, आणि त्यातला जवळजवळ निम्मा भार एकट्या बदामाचा आहे. कच्च्या आहाराच्या पहिल्या महिन्यांत पुढे जे काही घडते, त्यातले बरेचसे या दोन आकड्यांत दिसून येते.

कच्चे खाणे इकडच्या माणसाला परके नाही. मळ्यात मुळा उपटायचा, पाटाच्या पाण्यात खळबळायचा आणि भाकरीबरोबर कचाकचा खायचा. कांद्याची पात, मेथीची कोवळी पाने, रानातली पाथरी तिखट-मीठ आणि कच्च्या तेलाबरोबर तोंडी लावायची. पावसाळ्यात बाजरीच्या पिकात फिरताना वाळूक नाहीतर शेंदाड सापडले की तिथेच फोडायचे. संक्रांतीच्या सुगडात गाजर, बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी आणि ओंब्या असतात, म्हणजे पौषात जे जे कच्चे खाता येते त्याची ती यादीच. त्यानंतर हरभऱ्याचे ढाळे, ओल्या शेंगा, बारामतीकडची द्राक्षे, इंदापूरचे पेरू, डाळिंबे आणि केळी. फळांसाठी या भागाला पुण्या-मुंबईच्या तोंडाकडे बघावे लागत नाही. पुणे-मुंबईच इकडे बघते.

हुरड्याचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तो कच्च्या आणि शिजलेल्याच्या बांधावर उभा आहे. सुपे, मोरगाव, उंडवडी या जिरायती पट्ट्यात रब्बीची ज्वारी दुधातून चिकात, चिकातून दाण्यात येऊ लागली की आगटी पेटते. गूळभेंडी किंवा सुरतीचे कणीस गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर थोडा वेळ फिरवतात, हात भाजत असतानाच तळव्यांत चोळतात, फुंकर मारून फोलकटे उडवतात, आणि हिरवट, मऊ दाणे लसणाच्या चटणीबरोबर समोर येतात. हा दाणा मोजून काही मिनिटेच आच सोसतो. काटेकोर कच्चाहारी तेवढीही आच नको म्हणतो आणि कणसातले दाणे तसेच चावून बघतो. चिकातला दाणा गोड लागतो, पण मूठभर खाल्ले की पोट फुगते. कच्च्या धान्यातला स्टार्च घट्ट बांधलेला असतो. पाणी आणि उष्णता मिळाली की तो फुगून सैल होतो आणि मग आतड्यातल्या पाचकरसांना त्यात शिरकाव मिळतो. आगटीतली ती काही मिनिटे उगाच नाहीत.

म्हणजे या भागात कच्चे खाण्याची रीत पक्की आहे. पण ते भाकरीच्या सोबतीला, दोन जेवणांच्या मध्ये किंवा रानात फिरताना. निव्वळ कच्च्यावर दिवस काढण्याची रीत कुठल्याच घरात नव्हती. अगदी एकादशीलाही शाबू आणि भगर शिजवलेलीच असते.

सुरुवात बहुधा एखाद्या एकादशीलाच होते. उपवास सुटायच्या दिवशी तो सोडायचाच नाही, असे ठरते. पहिले दोन-तीन दिवस उत्साहाचे असतात. सकाळी पेरू आणि पपई, दुपारी काकडी-टोमॅटो-गाजराचे भरलेले ताट, संध्याकाळी मोड आलेली मटकी लिंबू पिळून. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत डोके चढलेले असते, चिडचिड वाढलेली असते, कामात लक्ष लागत नाही. जाणकार म्हणवणारे लगेच सांगतात की शरीरातले विष बाहेर पडते आहे, सोसा. खरे कारण बहुतेक वेळा चहा असतो. दिवसाला पाच-सहा कप चहा घेणाऱ्याने तो एकदम तोडला की एका दिवसाच्या आत डोके दुखू लागते आणि आठवडाभरात ते आपोआप थांबते. चहा आधी आठ-दहा दिवस कमी करत आणला तर ‘विष बाहेर पडण्याचा’ हा सोहळा घडतच नाही.

याच आठवड्यात वजनकाटा दोन-तीन किलो खाली येतो आणि गावभर बातमी होते. यातले बरेचसे पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनबरोबर त्याच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवलेले असते. साठा वापरला गेला की पाणीही जाते. चरबी उतरायला वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला की अनेकांचा धीर सुटतो, तो याच गैरसमजामुळे.

खरी परीक्षा भुकेची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० कॅलरी लागतात, मध्यम कष्टाच्या पुरुषाला २,७१० आणि जड कष्टाच्या पुरुषाला ३,४७०. शंभर ग्रॅम पेरूत सत्तरच्या आत कॅलरी असतात, गाजरात चाळीस, काकडीत जेमतेम पंधरा. बैठ्या माणसाने केवळ पेरूवर गरज भागवायची म्हटली तर तीन किलो पेरू खावे लागतील. काकडीचा तर हिशेबच नको. दोन मोठ्या भाकरी एका जेवणाचे काम पाच मिनिटांत करून टाकतात.

त्यामुळे निवृत्त मास्तरांना जे जमते ते कारखान्यातल्या फिटरला जमत नाही. गाळपाच्या हंगामात रात्रपाळीला जाणारा माणूस डब्यात पेरू, केळी आणि काकडीच्या फोडी घेऊन जातो. डबा मध्यरात्रीच रिकामा होतो, आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला कँटीनमधल्या वड्याचा वास आला की संकल्पाची परीक्षा सुरू होते. शेतकऱ्याची गत आणखी अवघड. शेतीची वीज रात्रीची असली की थंडीत दारे धरायला जावे लागते. पाय चिखलात, अंगावर घोंगडी किंवा स्वेटर, आणि पोटात थंड फळे. कमी खाणाऱ्याला थंडी जास्त वाजते, कारण शरीर ऊब कमी करून इंधन वाचवते. अशा वेळी गरम पिठल्याची आठवण येणे हा मनाचा कमकुवतपणा नसून शरीराने केलेली रास्त मागणी असते.

जे टिकतात ते शेंगदाण्यापाशी येऊन पोहोचतात. गांधीजींच्या मापात जे काम बदाम करत होते ते इथे शेंगदाणा, तीळ आणि खोबरे करतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी आणि २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. रात्री भिजवलेला, सकाळी साल काढून खाल्लेला मूठभर दाणा दुपारपर्यंत साथ देतो. त्यात निवड मात्र डोळ्यांत तेल घालून करावी लागते. ओलीत साठवलेल्या शेंगांवर बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष तयार करते. सुरकुतलेला, काळपट, खवट दाणा भाजूनही निर्धोक होत नाही. कच्चा तर नकोच.

दुसरी अडचण दातांची. रिचर्ड रँगम या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की चिंपांझीचे दिवसाचे सहा-एक तास चावण्यात जातात, तर शिजवून खाणाऱ्या माणसाचे तासाभराच्या आत भागते. कच्च्या आहारावर गेलेल्या माणसाला हा फरक पहिल्याच आठवड्यात जबड्यात कळतो. कवळी वापरणाऱ्या आजीला गाजर म्हणजे शिक्षाच. तिच्यासाठी किसणी आणि पाटा-वरवंटा लागतो. वर लिंबू, चिंच, आंबट द्राक्षे यांचा मारा झाला की दात आंबतात आणि काही महिन्यांनी थंड पाणीही झोंबू लागते. आंबट खाऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच दात घासू नयेत, एवढे पाळले तरी बराच त्रास वाचतो.

पोटाचे तंत्र बसायला दोन-तीन आठवडे लागतात. तंतू एकदम वाढल्याने वारा धरतो, पोट गुडगुडते, कुणाला जुलाब तर कुणाला उलट बद्धकोष्ठ होते. कडधान्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या जिवाणूंच्या हाती लागतात आणि वायू होतो. भिजवून, पाणी फेकून, मोड आणले की हा त्रास कमी होतो. मटकी आणि मूग यात सगळ्यांत गुणी. हरभरा जड.

मोड आणण्याचीही इकडे दोन तंत्रे शिकावी लागतात. हिवाळ्यात मटकी फडक्यात बांधून उबेला ठेवली तरी मोडाला दीड दिवस घेते. एप्रिलमध्ये तीच एका रात्रीत फुटते आणि दुपारपर्यंत आंबूस, चिकट होते. चिकट झालेला मोड धुऊन खाण्याचा मोह टाळावा. ज्या ओलाव्यात आणि उबेत मोड वाढतो त्यातच जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलाय या जिवाणूची साथ पसरली. सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. बियाणे इजिप्तहून आलेले होते, आणि पुढारलेल्या देशातल्या स्वच्छ हॉटेलांतही ते पकडले गेले नाही. ज्या पाहुण्याचे पोट नाजूक आहे, जी बाई गरोदर आहे किंवा ज्या घरात वर्षाच्या आतले मूल आहे, त्यांना मोड वाफवूनच द्यावेत.

काही गोष्टी कच्च्या खायच्याच नसतात, आणि उत्साहाच्या भरात हेच विसरले जाते. राजम्याचे चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. त्यातले विष उकळीनेच जाते. सोयाबीन कच्चे पचत नाही. अळूची पाने आणि सुरण घसा ओरबाडतात. सर्वांत महत्त्वाची ज्वारी. कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे खाऊन जनावराला ‘किराळ लागते’ हे या भागातला शेतकरी लहानपणापासून जाणतो. त्या फुटव्यांत पचताना सायनाइड सुटते. तेच द्रव्य ज्वारीच्या मोडात असते. गव्हाला मोड येतात, मग ज्वारीला का नको, असे म्हणून ज्वारीचे हिरवे अंकुर वाटून पिणारा माणूस आपल्या गोठ्यातले ज्ञान स्वयंपाकघरात आणायला विसरलेला असतो. निरशा दुधाचेही तसेच. धारोष्ण दुधाची महती कितीही गायली गेली असली तरी ब्रुसेलोसिस आणि क्षय यांचे जंतू त्यातून येऊ शकतात. दूध घ्यायचे तर तापवलेले घ्यावे, त्यासाठी व्रत मोडले असे कुणी म्हणाले तरी चालेल.

शिजवण्यामागे चव आणि पचन याखेरीज तिसरे एक कारण आहे, आणि ते या भागात विशेष लागू आहे. उकळीमुळे पाण्याची पापे धुतली जातात. उजनी धरणाच्या फुगवट्याने इंदापूरचा उत्तर-पूर्वेचा शिवार ओलिताखाली आणला, पण भीमेतून येणारे पाणी पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊनच येते. पळसदेव, भिगवणच्या काठावर रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना हे हिरवट पाणी दिसते. त्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर बाजारात आली की ती कुठली हे दिसत नाही. दूषित पाण्यातून पालेभाजीवर पट्टकृमीची अंडी येऊ शकतात. त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूत जाऊन बसल्या तर फिट येतात, आणि आयुष्यात कधी मटण न खाल्लेल्या माणसालाही येतात. मिठाच्या पाण्यात भिजवून ही अंडी मरत नाहीत. जुडी सोडून, देठ तोडून, एकेक पान नळाच्या वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुणे हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय. कोबीची वरची पाने काढून टाकावीत, काकडी-गाजर सोलावे. द्राक्षांची गोष्ट वेगळी: तिथे प्रश्न फवारणीचा आणि शेवटची फवारणी ते काढणी यांत राखलेल्या दिवसांचा असतो. निर्यातीच्या मालाची रासायनिक अवशेषांसाठी तपासणी होते, गावच्या बाजारातल्या पाटीची होत नाही. ज्याची बाग ओळखीची आहे त्याच्याकडून घेणे बरे. ज्याला परसात चार वाफे करता येतात त्याने मेथी, मुळा, पालक आणि पात विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर स्वतःच लावावी. या दोन तालुक्यांत कच्च्या आहारावर वर्षानुवर्षे टिकलेली घरे पाहिली तर त्यांच्या दारात बहुधा असा वाफा असतोच.

घरात काय घडते, याविषयी कच्च्या आहाराचे प्रचारक फार बोलत नाहीत. स्वयंपाकाचा वेळ वाचतो, गॅस वाचतो, बाई मोकळी होते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात कच्चे खाणारा घरात एकटाच असतो आणि बाकीच्यांचा स्वयंपाक व्हायचाच असतो. मग त्याच बाईने भाकऱ्या थापून झाल्यावर किलोभर भाजी निवडायची, धुवायची, सोलायची, किसायची, मोड उपसायचे, खोबरे खवायचे. व्रत एकाचे आणि राबणे दुसरीचे. ज्या घरांत पुरुषाने स्वतः विळी हातात घेतली तिथे हा प्रयोग महिन्याच्या पुढे गेला. बाकी ठिकाणी तो घरच्यांच्या कंटाळ्यापुढे हरला, आणि त्यात घरच्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

बाईने स्वतः हा आहार धरला तर काळजी आणखी घ्यावी लागते. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी कच्चा आहार घेणाऱ्या ५१३ जणांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध केली. त्यात बायकांचे वजन सरासरी १२ किलोंनी आणि पुरुषांचे जवळपास १० किलोंनी उतरलेले होते, आणि पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. जिथे बायकांचे रक्त मुळातच कमी असते तिथे हा आकडा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पाळी पुढे ढकलली जाऊ लागली, केस गळू लागले, जिना चढताना धाप लागली, की भाकरी आणि डाळ ताटात परत आलीच पाहिजे.

गावाचे काय, हा प्रश्न वेगळाच. या भागात पाहुण्याला उपाशी पाठवणे म्हणजे घराची अब्रू जाणे. लग्नाच्या पंगतीत नुसती काकडी चघळत बसलेल्या माणसापाशी यजमान तीनदा येऊन जातात. “अण्णा, काही चुकलं का आमचं? वरण-भात तरी घ्या.” नाही म्हटले तर राग, हो म्हटले तर नियम मोडला. चहाचेही तसेच, चहा नको म्हणणे म्हणजे बसायचे नाही असा अर्थ निघतो. मुरलेले लोक यावर साधा उपाय काढतात. पाहुण्यांकडे जाण्याआधी घरून खाऊन निघायचे, तिथे केळे किंवा नारळपाणी मागून घ्यायचे आणि आहारावर प्रवचन द्यायचे नाही. आषाढात तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. तेव्हा दारी आलेल्या वारकऱ्याला पिठले-भाकरी वाढताना आपण बाजूला फळ खात उभे राहणे बरे दिसत नाही. त्या दिवसांत बहुतेक जण नियम बाजूला ठेवतात. त्याने काही बिघडल्याचे दिसत नाही. ज्यांचा नियम इतका ताठ असतो की वारीतही वाकत नाही, तो पुढच्या दोन-चार महिन्यांत मोडलेला आढळतो.

शेवटची आणि सर्वांत गंभीर बाब औषधांची. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचा डोस जेवणातल्या भाकरी-भाताच्या हिशेबाने ठरवलेला असतो. भाकरी बंद आणि गोळी चालू, असे झाले की रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हे दुचाकीवर किंवा विहिरीच्या काठावर झाले तर जिवावर बेततेच. उलट टोकाची चूकही तितकीच घडते: ‘नैसर्गिक साखर आहे’ म्हणून हंगामात किलोकिलो द्राक्षे आणि आंबे खाल्ले जातात आणि तपासणीत साखर पूर्वीपेक्षा वर निघते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला केळी, खजूर आणि नारळपाणी यांतले पोटॅशियम बाधू शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाज्या एकाएकी वाढवल्या की औषधाचा परिणाम घटतो. डॉक्टर नावे ठेवतील म्हणून त्यांना काही न सांगणे हा या भागातला सर्वांत महागात पडणारा संकोच आहे. शिवाय कच्च्या शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. शरीरातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून पहिल्या वर्षी काही कळत नाही. नंतर पायाला मुंग्या येऊ लागतात.

या सगळ्यातून गेलेली बहुतेक माणसे वर्ष-दीड वर्षात एका मध्यम जागी येऊन थांबतात. सकाळी फळे आणि भिजवलेले दाणे. दुपारी भाकरी, आमटी आणि तिच्याइतकीच कोशिंबीर, पात किंवा मुळा. संध्याकाळी हलके शिजवलेले. गाजर आणि टोमॅटो यांतली काही द्रव्ये शिजवल्यावर अधिक अंगी लागतात, तर लिंबू, पेरू आणि आवळ्यातले क जीवनसत्त्व कच्चे खाल्ल्याने टिकते, तेव्हा दोन्ही पद्धती ताटात असणे सोयीचेच. वजन हळूहळू उतरते, शौचाला साफ होते, तळलेले खाणे आपोआप कमी होते. कच्च्या आहारातून मिळणारा फायदा बराचसा या अर्ध्या ताटातूनही मिळतो, आणि ते घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून खाता येते. पूर्ण कच्च्या आहाराची शिफारस कष्टाचे काम करणाऱ्याला, वाढत्या वयाच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना करू नये.

ज्याला तरीही करून पाहायचे आहे त्याने दिवाळीनंतर, मळ्यात भाजी भरपूर असताना, फक्त सकाळच्या एका जेवणापासून सुरुवात करावी. गोळ्या चालू असतील तर पहिल्या दिवसाआधी डॉक्टरांना सांगावे, आणि वर्षातून एकदा हिमोग्लोबिन व ब-१२ तपासून घ्यावे.